मदत नुकसानीची की मालकीची? करोनाकाळातील अमेरिकी शेती-मदत, नोबल्स काउंटीच्या निमित्ताने

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, आयोवा राज्याच्या सीमेला लागून, नोबल्स नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा प्रशासकीय घटक. या काउंटीचे क्षेत्रफळ आपल्याकडील एक-दोन तालुक्यांएवढे भरेल, पण २०२० च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या जेमतेम २२ हजार आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोक वर्दिंग्टन या एकाच शहरात राहतात. बाकी सगळी मका आणि सोयाबीनची सपाट शेते, आणि त्यांच्यामध्ये अंतराअंतरावर उभ्या असलेल्या, डुकरांच्या लांबलचक बंदिस्त शेडा. करोनाच्या साथीत अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांना अब्जावधी डॉलर थेट दिले. ते पैसे कोणत्या नियमाने दिले, कोणाला मिळाले आणि कोणाला मिळाले नाहीत, हे समजून घेण्यासाठी अशी एखादी काउंटी समोर ठेवणे उपयोगाचे ठरते, कारण देशपातळीवरच्या एकूण आकड्यांत नियमांचे बारकावे दिसेनासे होतात.

आधी संकट नेमके काय होते ते पाहू. २०२० च्या मार्चमध्ये शाळा, उपाहारगृहे आणि हॉटेले बंद झाली, तेव्हा अन्नाची मागणी नाहीशी झाली नाही. ती एका साखळीतून उठून दुसरीकडे गेली. उपाहारगृहांसाठी मोठ्या पिशव्यांत भरला जाणारा माल घरगुती ग्राहकाच्या दुकानात एका रात्रीत पोहोचवता येत नाही. दूध ओतून द्यावे लागले, भाजीपाला शेतातच नांगरला गेला. मक्याचे दुखणे वेगळे होते. अमेरिकेतील मक्याचा सुमारे एक तृतीयांश भाग इथेनॉलसाठी वापरला जातो; गाड्या घरासमोर उभ्या राहिल्या तशी इंधनाची मागणी कोसळली आणि तिच्याबरोबर मक्याचा भावही उतरला. २० एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कच्च्या तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला, हे अनेकांना आठवत असेल. त्याच दिवशी वर्दिंग्टनमध्येही एक घोषणा झाली. तेथील जेबीएस कंपनीचा डुक्करमांसाचा कारखाना, जेथे दोन हजारांहून अधिक कामगार काम करत आणि दिवसाला सुमारे २० हजार डुकरांची कत्तल होत असे, तो कामगारांमध्ये संसर्ग पसरल्यामुळे बेमुदत बंद करण्यात आला. त्याच्या आठवडाभर आधी, सुमारे शंभर किलोमीटरवर साउथ डकोटा राज्यात असलेला सू फॉल्स येथील स्मिथफील्डचा तेवढाच मोठा कारखाना बंद झाला होता. देशातील डुक्करमांसाच्या एकूण उत्पादनापैकी चार ते पाच टक्के उत्पादन त्या एका कारखान्यात होत असे.

ज्याने वराहपालन जवळून पाहिलेले नाही, त्याला कारखाना काही आठवडे बंद राहिल्याने काय बिघडते, असा प्रश्न पडेल. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. मादी गाभण राहिल्यापासून ११४ दिवसांनी पिल्ले होतात आणि ती विक्रीयोग्य व्हायला पुढे साधारण सहा महिने लागतात. म्हणजे एप्रिल २०२० मध्ये कारखान्यात जायची डुकरे ही आदल्या उन्हाळ्यातील निर्णयाचे फळ होती आणि तो निर्णय आता मागे घेता येत नव्हता. दोन हजार-चोवीसशे जनावरांची एक शेड भरलेली असते, जनावरांचे वजन १२५ किलोच्या पुढे गेलेले असते आणि त्यांच्यामागून येणारी पिल्ले जागेची वाट पाहत असतात. जनावर दिवसाला जवळजवळ एक किलो वाढते. फार वजनदार झालेले जनावर कारखान्याच्या साखळीवर नीट बसत नाही आणि त्याला भावही कमी मिळतो. त्या वसंतात अनेक शेतकऱ्यांनी खाद्यातील प्रथिने कमी करून कोंडा वाढवला आणि शेडेचे तापमान चढते ठेवले, जेणेकरून जनावरांची भूक मंदावेल आणि वाढ रोखली जाईल. तेवढ्याने भागले नाही. एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीस देशाची वराह-प्रक्रिया क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. वर्दिंग्टनचा बंद कारखाना ६ मे रोजी अंशतः सुरू होण्यापूर्वी काही दिवस केवळ डुकरे मारण्यासाठी उघडण्यात आला; त्यांचे मांस कोणाच्या ताटात जाणार नव्हते. नोबल्स काउंटीत अशा जनावरांचे लाकडाच्या भुशाबरोबर कंपोस्ट करण्यात आले. वर्षानुवर्षे जनावरे पोसणाऱ्या माणसाने तगडी, निरोगी जनावरे खतात जाताना पाहणे याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

आता मदतीकडे वळू. २७ मार्च २०२० रोजी करोनाकाळातील आर्थिक मदतीचा केअर्स कायदा झाला आणि १७ एप्रिल रोजी तत्कालीन कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी ‘कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम’ जाहीर केला. पुढे सगळेजण त्याला सीएफएपी या आद्याक्षरांनीच ओळखू लागले. त्यात १६ अब्ज डॉलर शेतकऱ्यांना थेट द्यायचे होते आणि ३ अब्ज डॉलरचा शेतमाल सरकारने विकत घेऊन गरजूंना खोक्यांतून वाटायचा होता. थेट मदतीचे १६ अब्ज दोन खिशांतून आले: साडेनऊ अब्ज केअर्स कायद्यातून आणि साडेसहा अब्ज ‘कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन’ या, १९३० च्या दशकातील महामंदीच्या काळात स्थापन झालेल्या सरकारी वित्तसंस्थेतून. हे दोन खिसे लक्षात ठेवावे लागतात, कारण प्रत्येक शेतमालाचे दर त्यानुसार दोन भागांत ठरवले गेले. पहिला भाग १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात भाव घसरल्याबद्दल होता आणि दुसरा त्यानंतर बाजार विस्कळीत झाल्याबद्दल.

वराहपालकासाठी हा हिशेब असा होता. १५ जानेवारी ते १५ एप्रिलच्या दरम्यान विकलेल्या, १२० पौंडांहून जड अशा प्रत्येक डुकरामागे १८ डॉलर. त्याहून हलक्या पिल्लामागे २८ डॉलर. याखेरीज १६ एप्रिल ते १४ मे या काळातील कोणताही एक दिवस निवडून, त्या दिवशी मालकीच्या असलेल्या सर्वाधिक जनावरांमागे प्रत्येकी १७ डॉलर. समजा एखाद्याने त्या तीन महिन्यांत एक हजार मोठी डुकरे विकली आणि मेच्या सुरुवातीस त्याच्याकडे दोन हजार जनावरे होती. त्याचे १८ हजार आणि ३४ हजार मिळून ५२ हजार डॉलर होतात. निधी सर्वांना पुरावा म्हणून सुरुवातीस ८० टक्केच, म्हणजे ४१,६०० डॉलर दिले गेले आणि उरलेला २० टक्क्यांचा भाग ऑगस्टमध्ये सोडण्यात आला.

या हिशेबात एक गोष्ट कोठेच विचारलेली नाही, ती म्हणजे त्या शेतकऱ्याचे प्रत्यक्षात किती नुकसान झाले. माझ्या मते ही संपूर्ण योजना समजून घेण्याची किल्ली येथे आहे. ‘नुकसानभरपाई’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण सीएफएपीने व्यक्तिगत नुकसान मोजलेच नाही. देशभराच्या सरासरी भावघसरणीवरून एक दर ठरवला आणि त्या दराला मालकीच्या जनावरांनी, बुशेलांनी (बुशेल हे धान्याचे माप) किंवा एकरांनी गुणले. ज्याचा माल आधीच चांगल्या भावाने ठरला होता आणि ज्याची जनावरे खड्ड्यात गेली, त्या दोघांचा प्रति जनावर दर एकच. हे निव्वळ निष्काळजीपणाने झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लाखो शेतकऱ्यांकडे काही आठवड्यांत पैसा पोहोचवायचा, आणि तोही काउंटीतील कचेऱ्या अभ्यागतांसाठी बंद असताना, तर प्रत्येकाच्या खतावण्या तपासत बसणे शक्य नव्हते. वेग आणि अचूकता या दोहोंपैकी सरकारने वेग निवडला. त्या निवडीची किंमत कोणी मोजली, हे पुढे दिसेल.

मक्याच्या बाबतीत नियम थोडा अधिक गुंतागुंतीचा होता. २०१९ च्या एकूण उत्पादनाचा निम्मा भाग, किंवा १५ जानेवारी २०२० रोजी भाव न ठरवता साठवून ठेवलेला माल, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यावरच मदत. प्रति बुशेल दर ३२ सेंट आणि ३५ सेंट असे दोन आणि प्रत्येक दर निम्म्या मालाला लागू, म्हणजे सरासरी साडेतेहतीस सेंट. मक्याचा बुशेल सुमारे साडेपंचवीस किलोचा असतो. ५०० एकरांत ९० हजार बुशेल पिकवलेल्या शेतकऱ्याच्या कणगीत जानेवारीत ३० हजार बुशेल उरले असतील, तर त्याला १०,०५० डॉलर मिळतात. शेजाऱ्याने कर्जाचा हप्ता भरण्यासाठी डिसेंबरातच सगळा माल विकला असेल, तर त्याला या कलमाखाली काहीच मिळत नाही. त्याचा बचावलेला भाव पाहता हे तर्काला धरून आहे. पण माल साठवून ठेवण्याची ऐपत असलेल्या शेतकऱ्याला हा नियम आपोआप झुकते माप देतो, हेही तितकेच खरे.

दुसरी फेरी, म्हणजे सीएफएपी-२, सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाली. सुरुवातीचा अंदाज १४ अब्ज डॉलरपर्यंतचा होता आणि अर्ज २१ सप्टेंबर ते ११ डिसेंबर या काळात घेतले गेले. या वेळी शेतमालाचे तीन गट केले. भाव पाच टक्के किंवा त्याहून अधिक घसरलेल्या मालाला ठरावीक सूत्र, काही पिकांना सरसकट एकरी १५ डॉलर आणि भाजीपाला-फळांसारख्या मालाला २०१९ च्या विक्रीच्या टक्केवारीने मदत. डुकरांसाठी १६ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळातील निवडलेल्या दिवशीच्या जनावरांमागे २३ डॉलर, पण प्रजननासाठी ठेवलेली जनावरे वगळून. वरच्या उदाहरणातील दोन हजार जनावरांच्या मालकाला आणखी ४६ हजार डॉलर. मक्याला आता साठ्याऐवजी पेरलेले एकर धरले: एकर गुणिले नोंदलेले सरासरी उत्पादन, त्याच्या ४० टक्क्यांवर बुशेलमागे ५८ सेंट. ५०० एकर आणि एकरी १८० बुशेल धरले तर २०,८८० डॉलर. पुढे २७ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या कायद्याने अशा पिकांना एकरी आणखी २० डॉलर देण्याची तरतूद केली. त्यासाठी नवा अर्ज लागला नाही. आधीच्या अर्जावरूनच पैसे खात्यात जमा झाले.

काळाचा विचार केला तर येथे एक विसंगती उभी राहते. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवात प्रचंड वादळ होऊन पिके आडवी झाली, चीनची खरेदी वाढली आणि मक्याचा भाव चढू लागला. जानेवारी २०२१ मध्ये शिकागोच्या वायदेबाजारात तो बुशेलला पाच डॉलरच्या पुढे गेला. म्हणजे दुसऱ्या फेरीतील बरेचसे पैसे खात्यात आले तेव्हा मक्याचे संकट ओसरत होते, तर डुकरे मारावी लागलेल्या शेतकऱ्याचे नुकसान अजून कोणत्याही योजनेत स्वतंत्रपणे मोजले गेलेले नव्हते. २०२० मध्ये सर्व योजना मिळून अमेरिकी शेतीला सरकारकडून थेट मिळालेली रक्कम सुमारे ४६ अब्ज डॉलर होती. तोपर्यंतचा तो उच्चांक होता. एवढा पैसा वाटल्यानंतरही सर्वांत जास्त फटका बसलेल्यांची पाळी शेवटी यावी, याचे वाईट वाटते.

भावाची जोखीम कोणाची?

सीएफएपीच्या नियमांतील सर्वांत परिणामकारक अट एका ओळीची होती: ज्याच्यावर त्या मालाच्या भावाची जोखीम आहे, त्यालाच मदत. वाचताना ही अट अगदी रास्त वाटते. जमिनीच्या बाबतीत तिचा अर्थ असा की रोख खंडाने जमीन देणारा मालक अपात्र, कारण भाव पडला तरी त्याचा खंड ठरलेला असतो. पण बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर जमीन देणारा मालक आपल्या वाट्यापुरता पात्र.

डुकरांच्या शेडेत हीच अट लावली की चित्र पार बदलते. नोबल्स आणि आसपासच्या काउंट्यांमध्ये अनेक शेडांतील जनावरे शेड बांधणाऱ्या शेतकऱ्याची नसतात. मोठी वराहपालन कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे पुरवते; शेतकरी कर्ज काढून शेड बांधतो, वीज-पाणी आणि श्रम देतो, रोज सकाळी मेलेली जनावरे वेचतो, आणि त्याबद्दल त्याला जागेनुसार किंवा जनावरानुसार ठरलेला मोबदला मिळतो. जनावर कागदोपत्री कंपनीचे, म्हणून भावाची जोखीम कंपनीची, म्हणून सीएफएपीचा अर्ज करण्याचा हक्कही कंपनीचा. पण कारखाने बंद पडल्यावर कंपन्यांनी नवी पिल्ले टाकणे लांबवले आणि शेडा रिकाम्या राहिल्या, तेव्हा बुडाला तो कंत्राटी शेतकऱ्याचा मोबदला. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला चालू होता. भाव पडण्याची जोखीम त्याच्यावर नव्हती, तरी काम बंद पडण्याची जोखीम पूर्णपणे त्याच्याच अंगावर होती. २०२० च्या नियमांना ही दुसरी जोखीम दिसलीच नाही.

डिसेंबर २०२० च्या कायद्याने ही चूक अंशतः सुधारली. कंत्राटी पशुपालकांसाठी एक अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद झाली आणि आधीच्या वर्षाच्या तुलनेत २०२० मध्ये बुडालेल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत मदत देण्याचे ठरले. येथे प्रथमच एकट्या माणसाचे प्रत्यक्ष नुकसान हिशेबात आले. परंतु सरकार बदलले, नव्या सरकारने प्रलंबित रकमांचा आढावा घेतला, सीएफएपी-२ चे अर्ज ५ एप्रिल २०२१ पासून पुन्हा उघडले आणि अंतिम मुदत १२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत गेली. शेड रिकामी पडल्यानंतर सव्वा-दीड वर्षाने मिळणारी मदत कर्जदार शेतकऱ्याला किती तारते, हे वेगळे सांगायला नको.

मारलेल्या जनावरांसाठीची योजनाही अशीच उशिरा आली. जुलै २०२१ मध्ये ‘पॅन्डेमिक लाइव्हस्टॉक इंडेम्निटी प्रोग्रॅम’ सुरू झाला. प्रक्रियेची सोय नसल्यामुळे १ मार्च ते २६ डिसेंबर २०२० या काळात माराव्या लागलेल्या डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या बाजारमूल्याच्या ८० टक्के रक्कम, तसेच त्यांना मारण्याचा आणि विल्हेवाट लावण्याचा खर्च, असे तिचे स्वरूप होते. त्याच जनावरांवर सीएफएपीचे पैसे घेतले असल्यास ते यातून वजा होत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणखी एक लहान योजना आली, ती कारखान्याशी आगाऊ करार नसलेल्या आणि त्या-त्या दिवशीच्या भावाने डुकरे विकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. १६ एप्रिल ते १ सप्टेंबर २०२० या काळात अशा पद्धतीने विकलेल्या जनावरामागे ५४ डॉलर, कमाल १० हजार जनावरांपर्यंत. या ५४ डॉलरची तुलना पहिल्या फेरीतील १७ डॉलरशी केली, की करार नसलेल्या लहान विक्रेत्याला त्या वसंतात किती जबर मार बसला होता आणि सरासरी दराने तो किती झाकला गेला होता, हे लक्षात येते.

मर्यादा आणि तिच्यातील वाटा

सीएफएपीच्या प्रत्येक फेरीत एका व्यक्तीस कमाल अडीच लाख डॉलर मिळू शकत. केवळ १७ डॉलरचा दर धरला तरी सुमारे १४,७०० डुकरांवर ही मर्यादा संपते. कंपनी किंवा मर्यादित भागीदारी असेल आणि तिचे तीन सदस्य प्रत्येकी वर्षाला किमान ४०० तास श्रम किंवा व्यवस्थापन करत असतील, तर हीच मर्यादा साडेसात लाखांपर्यंत जात असे. सर्वसाधारण भागीदारीत प्रत्येक भागीदाराची मर्यादा स्वतंत्र. वर्षाचे उत्पन्न नऊ लाख डॉलरहून अधिक असणाऱ्याला मदत नव्हती. पण त्या उत्पन्नातील किमान ७५ टक्के शेतीचे असेल, तर ही अट लागू होत नव्हती. त्यामुळे शेतीची कागदोपत्री रचना कशी केली आहे यावर रक्कम बरीचशी अवलंबून राहिली. चारशे तास म्हणजे आठवड्याला आठ तासांहूनही कमी. ही अट पूर्ण करणे कोणाही सक्रिय कुटुंबाला अवघड नव्हते. यात बेकायदा काही नाही. मात्र जाणकार वकील आणि हिशेबनीस ज्याच्या हाताशी आहे त्याला हे आधीच ठाऊक असते, आणि बाकीच्यांना अर्ज भरताना समजते.

अर्ज भरण्याची जागा म्हणजे कृषी विभागाच्या फार्म सर्व्हिस एजन्सीची काउंटी कचेरी. देशात अशा दोन हजारांहून अधिक कचेऱ्या आहेत आणि प्रत्येकीवर स्थानिक शेतकऱ्यांनी निवडून दिलेली समिती असते. २०२० च्या उन्हाळ्यात ही सर्व कामे दूरध्वनी, ईमेल आणि कचेरीबाहेरच्या पेटीतून चालली. आपल्याकडे तलाठ्याच्या पंचनाम्याशिवाय मदतीचे पान हलत नाही. तेथे शेतकऱ्याने जनावरांची आणि मालाची संख्या स्वतःच्या सहीने घोषित करायची आणि नंतर निवडक अर्जांची तपासणी व्हायची. त्यामुळे पैसे लवकर पोहोचले. पण अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ च्या अहवालात या तपासण्या अधिक काटेकोर करण्याची शिफारस केली. तोपर्यंत सीएफएपीखाली एकूण सुमारे ३१ अब्ज डॉलर वाटले गेले होते.

याच्या जोडीला ‘पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रॅम’ होता, ज्यात बँकेमार्फत कर्ज मिळे आणि अटी पाळल्यास ते माफ होत असे. एकट्याने शेती करणाऱ्याला सुरुवातीस त्याच्या निव्वळ नफ्यावरून कर्ज मिळायचे. शेतीचा धंदा असा, की घसारा आणि खर्च वजा केल्यावर कागदावर नफा शून्य किंवा उणे दिसतो. त्यामुळे अनेकांना कर्ज मिळालेच नाही. डिसेंबर २०२० च्या कायद्याने निव्वळ नफ्याऐवजी एकूण उत्पन्न धरले, एक लाख डॉलरच्या मर्यादेपर्यंत. परिणामी २०,८३३ डॉलर ही रक्कम ग्रामीण काउंट्यांच्या कर्जयाद्यांत पुन्हा पुन्हा दिसते. एक लाखाला बाराने भागून अडीच महिन्यांनी गुणले की बरोबर हीच रक्कम येते. एकच आकडा ओळीने इतक्या नावांपुढे पाहून काहींना संशय आला, पण त्यामागे एवढेच गणित आहे.

यादी वाचताना

अमेरिकेत अशा मदतीच्या नोंदी सार्वजनिक असतात आणि ‘एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप’सारख्या संस्था त्या काउंटीनिहाय मांडून ठेवतात. एखाद्या काउंटीला इतके कोटी डॉलर मिळाले, हे वाक्य त्यातूनच बातमीत येते. ते वाचताना पैसे घेणाऱ्याचा पत्ता एका काउंटीत आणि त्याची जमीन किंवा शेडा दुसऱ्या काउंटीत असू शकतात, हे ध्यानात ठेवावे लागते. शेजारच्या शेडेतील डुकरांची रक्कम शेकडो किलोमीटरवरच्या कंपनीच्या नावावर नोंदलेली असू शकते. आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. २०१९ मध्ये चीनबरोबरच्या व्यापारयुद्धाची झळ बसलेल्या शेतकऱ्यांना जी मदत दिली गेली, तिचे एकरी दर काउंटीनुसार १५ ते १५० डॉलरपर्यंत वेगवेगळे होते, त्यामुळे दोन लगतच्या काउंट्यांची तुलना केली की हद्दीच्या दोन बाजूंना वेगळे दर दिसत. सीएफएपीचे दर देशभर एकच होते. म्हणून २०२० मध्ये एका काउंटीला दुसरीपेक्षा जास्त पैसे मिळाले, याचा अर्थ तेथे जास्त नुकसान झाले असा होत नाही; तेथे जास्त जनावरे किंवा जास्त एकर होते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

वर्दिंग्टनच्या बाबतीत तर ही यादी निम्मीच गोष्ट सांगते. एप्रिल २०२० च्या अखेरीस नोबल्स काउंटीत दर माणशी संसर्गाचे प्रमाण मिनेसोटातील सर्व काउंट्यांत सर्वाधिक होते आणि त्याचे केंद्र तो कारखानाच होता. लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आग्नेय आशियातून आलेली हजारो कुटुंबे त्या शहरात राहतात आणि त्यांतील अनेकांची उपजीविका त्या मांसकापणीच्या पट्ट्यावर आहे. जनावरांच्या मालकाला १७, २३ किंवा ५४ डॉलर कसे मोजायचे याचे नियम २०२० आणि २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने बनत गेले. ज्या कामगारांच्या आजारपणामुळे कारखाना थांबला, त्यांच्यासाठी कृषी विभागाची वेगळी योजना बरीच उशिरा आली. शेतमजूर आणि मांसप्रक्रिया कामगारांना त्या योजनेखाली स्वयंसेवी संस्थांमार्फत प्रत्येकी एकदाच ६०० डॉलर देण्याचे ठरले.